टोंगळाभर गाळ

करडी गावच्या अंकुशचा डावा टोंगळा, म्हणजे गुडघा, सात वर्षांपासून वाकत नव्हता. आणि त्या टोंगळ्यात एक नाव रुतून बसलं होतं: भैय्याजी.

अंकुश ढिवराचा, तलावात मासे धरणाऱ्यांच्या घरचा. तलावाच्या गाळात पळून पळून पाय असे तयार झाले, की नागपूरच्या एका फुटबॉल क्लबानं बोलावलं तेव्हा गवतावर तो उडायचाच! चार वर्षं खेळला. टोंगळा सुजला, की मॅनेजर भैय्याजी म्हणायचे, "सुई घे अन् उतर बे, पब्लिक तुह्यासाठी आली." दुखणं दाबायच्या सुयांवर सुया. एका फायनलमध्ये टोंगळ्यात काडकन वाजलं. खेळताना लागलं, तर इलाज क्लबानं करायचा. पण भैय्याजींनी कागदावर लिहून टाकलं, हा गावी मासे धरताना घसरला. झालं! अंकुश एसटीनं घरी आला आणि जाळं खांद्यावर घेतलं. लोक विचारायचे, "काहून गा अंकुश, ढिवर असून तलावात पडला?" पाय गेल्याचं दुःख त्यानं गिळलं. हे मात्र काट्यासारखं घशात राहिलं.

सूड घ्यायचा तर जाळं टाकून बसावं तसं बसावं लागतं. अंकुश बसला. बसल्या बसल्या बहिणीच्या पोरीला, मनालीला, त्यानं फुटबॉल शिकवला. एकोणिसाव्या वर्षी तिचं नाव पेपरात आलं. आणि यंदा मे महिन्यात, तलाव आटला म्हणून सारं गाव मासे धरायला उतरलं असताना, पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, पांढरी गाडी थांबली. भैय्याजी! क्लबाची मुलींची टीम निघाली होती, करारावर मनालीची सही हवी होती.

"अरे अंकुश! जुनं सोड बे. पोरीले बोलाव."

"पोरगी मधात हाये, जाळ्यापाशी. तुमीच चला. नाई तं राहू द्या, गाळात चालनं तुमच्यानं होनार नाई."

"मले शिकवतं का?" म्हणत भैय्याजींनी पँट दुमडली.

करडीचं शेंबडं पोरही जाणतं, गाळात पाय वर उपसायचा नसतो, टाच हलवत आडवा सरकवायचा असतो. उपसला, की दुसरा खाली जातो. अंकुश ताठ पाय ओढत पुढे निघाला. त्या गाळात तोच सर्वांत चपळ. भैय्याजी मात्र पाय उपसत उपसत वीस पावलांत मांडीपर्यंत गेले.

"अंकुश, हात दे!"

अंकुश वळला. "देतो. पहिले सांगा, माजा टोंगळा कोठं तुटला?"

"मस्करी नको करू बे!"

"निंगा मंग तुमचे तुमी."

भैय्याजींनी जोर लावला, आणखी वीतभर गेले. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मनाली जाळं सोडून जवळ येऊन उभी राहिली.

"नागपुरात," भैय्याजी पुटपुटले.

"जोरानं! पाळीवरच्या म्हाताऱ्याइले आयकू गेलं पाह्यजे."

"नागपुरात! ग्राउंडवर! सुया मीच देवाले लावल्या! कागद खोटा लिवला!"

पाळीवरचे म्हातारे उठून उभे राहिले. भिजू नये म्हणून भैय्याजींनी डोक्यावर धरलेला करार मनालीनं अलगद काढून घेतला, त्यात हातातले दोन मरळ मासे नीट गुंडाळले.

"मामाजी, याले काढाचं का?"

"काढू ना," अंकुश म्हणाला. "पहिले जाळं काढू. मासोळ्या तापून राहिल्या."

ते जाळं एरवी अर्ध्या तासात निघतं. त्या दिवशी दोन तास लागले.