साडूचा करपट वास

डोंबिवलीत चांगलं शिजवणारी माणसं घरोघरी सापडतील. चांगलं करपवणारा माणूस मात्र एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. कल्याणच्या एका कॉलेजात तो रसायनशास्त्र शिकवतो आणि उरलेला सगळा वेळ साखर, लिंबू, दूध, कलिंगडाची साल असं हाताला लागेल ते जाळून त्यातून कोळशाचे कण काढण्यात घालवतो. कण इतके बारीक, की साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसू नयेत. पण त्यांच्यावर जांभळा उजेड टाकला की काजव्यासारखे उजळतात. मेंदूत गाठ झाली तर या कणांनी तिच्यात जाऊन बसावं आणि ती नेमकी कुठे संपते ते सर्जनला चमकून दाखवावं, यासाठी त्याचा सगळा खटाटोप. सध्या प्रकरण प्रयोगशाळेतल्या उंदरांपर्यंत पोचलंय. त्या उंदरांना तो ‘आमचे पेशंट’ म्हणतो. त्यामुळे डोंबिवलीतल्या मानपाड्याच्या त्याच्या सोसायटीत निम्मे लोक त्याला डॉक्टर समजतात आणि लिफ्टमध्ये गुडघे दाखवतात. तोही वाकून नीट बघतो आणि गंभीरपणे म्हणतो, “माझ्या पेशंटना हे होत नाही.”

खिशात जांभळ्या उजेडाची बॅटरी कायम. पहिल्यांदा आमच्या घोडबंदर रोडच्या घरी जेवायला आला, तेव्हा त्याने दिवे घालवून माझ्या बनियनवर ती मारली. बनियन निळं पेटलं. “साडूभाऊ, साबण नीट खंगाळला जात नाही तुमच्याकडे,” असं त्याने माझ्या बायकोसमोर, तिच्याच हातची आमटी ओरपत सांगितलं. त्याच्या घरी तर रीतच उलटी. मेहुणी म्हणते, “भावोजी, भाजी नीट झाली तर हा गप्प गिळतो. लागली की कौतुक. ‘वा, रंग काय आलाय!’ अरे, तो रंग आहे का?” एकदा नात्यातल्या साखरपुड्याला सगळे बासुंदीवर तुटून पडलेले, आणि हा गायब. शोधायला गेलो तर मागे आचाऱ्याशी हुज्जत घालत उभा. “मामा, बासुंदी राहू दे लोकांना. मला फक्त पातेल्याची खरवड द्या.” आचारी म्हणाला, “साहेब, घरी खायला घालत नाहीत का?” तर याने खरवड पाण्यात कालवली, गाळली, कोठीच्या अंधारात पेल्यावर बॅटरी मारली. पेल्यात मंद निळसर उजेड पसरला. “देवा! काय पडलं ह्यात?” म्हणून आचारी जो मागे सरला, तो त्याने आपल्या माणसांना त्या दिवशी बासुंदीला हात लावू दिला नाही. त्यांच्या वाटची सगळी साडूने डब्यात भरून घरी नेली.

अशा माणसाच्या घरी करपट वास असणारच. म्हणून मला तो वास यायला लागला, तेव्हा मी कारण शोधलंच नाही. त्यांच्याकडून आलो की गाडीत वास, शर्टाला वास. मी बायकोला म्हणायचो, “तुझ्या मेहुण्याने पुन्हा काहीतरी जाळलं.” ती शर्ट हुंगायची. तिला वास यायचा नाही, पण नवऱ्यावर विश्वास. तिने बहिणीला फोनवर सुनावलं, “घर आहे की भट्टी?” बहिणीने उलट सुनावलं आणि दोघींनी अबोला धरला. मी बोलणं टाळणारा माणूस आहे. तो अबोला मी बघत बसलो. आता सांगायला हरकत नाही: तोपर्यंत मला वास ऑफिसातही यायला लागलेला. लिफ्टमध्ये, अंघोळ करताना, देवापुढे. क्षणभर यायचा, जीव घाबरा व्हायचा, पुन्हा काही नाही. मला मनातून कळत होतं की हा साडूचा नाही. पण साडूचा म्हटलं की बरं वाटायचं.

शेवटी सासूबाईंनी दोघी मुलींना दटावून समेट घडवला आणि आम्ही त्या दोघांना घरी आणायला गेलो. त्यांना घेऊन परत येताना घोडबंदर रोडला गाडी अडकली ती अडकलीच. बहिणी मागे गप्पा मारतायत, साडू माझ्या शेजारी. आणि वास आला. मी सवयीने म्हणालो, “काय साडूभाऊ, डब्यात काय करपवून आणलंत?”

“काही नाही. डबाच नाही.”

“मग हा वास?”

“कसला गं वास?” मेहुणीने मागे बायकोला विचारलं.

साडूने खिशातून बॅटरी काढली नाही, विनोद केला नाही. हळूच म्हणाला, “अहो, जाळायचा ओव्हन बिघडलाय. मी पंधरवडाभर काही जाळलेलंच नाही. तुम्ही आमच्याकडे आला नसतानाही हा वास येतो का तुम्हाला?”

पुढच्या गाड्या हलल्या, मागून हॉर्न सुरू झाले, आणि मी स्टिअरिंग धरून म्हणालो, “येतो. बरेच महिने.”

गाठ कानशिलाच्या आत निघाली. मेंदूचा तो भाग चाळवला की नसलेला वास येतो म्हणे. हॉस्पिटलात साडू रोज यायचा. एकदा बायको चहाला गेली, तेव्हा मी त्याचा हात धरला. “तुमचे ते कण घाला माझ्यात. कोणाला सांगत नाही.”

वाटेल त्यावर बॅटरी मारणारा माणूस. पण म्हणाला, “नाही.”

“का?”

“कारण तुम्ही उंदीर नाही. उंदरात चमकलं ते माणसात चमकेलच असं नाही, आणि नंतर ते कण शरीरात कुठे जाऊन बसतात, हे मलाच अजून पुरतं ठाऊक नाही.” मग माझ्या पांघरुणाची कड चिमटीत धरून म्हणाला, “साडीला काठ असतो, साडूभाऊ. गाठीला नसतो. डोळ्यांना दिसेल तेवढी ते काढतील. जी दिसत नाही, तिच्यासाठीच मी करपवतोय. तुमच्या वेळेला नाही जमलं.” आणि त्या दिवशी माझ्याआधी तोच रडला.

गाठ काढली. काठाशी थोडी राहिली असावी. औषधं चालू आहेत, अधूनमधून तपासणी असते. डॉक्टरांनी सांगितलंय, तो वास पुन्हा आला तर लगेच कळवा. त्यामुळे कुठे दूध उतू गेलं तरी मी आधी पातेल्यापाशी जाऊन खात्री करून घेतो. हे मी कोणाला बोललो नव्हतो, फक्त साडूला. तेव्हापासून आम्ही येणार म्हटलं की तो मुद्दाम गॅसवर साखर ठेवतो. “निदान आमच्या घरचा करपट वास तरी खरा असू दे,” म्हणतो.

परवा मानपाड्याला गेलो. बायको खाली भाजी घेत होती. लिफ्ट बंद होती. जिन्यात अर्ध्यावर वास आला आणि मी कठडा धरून थांबलो. एकटाच. शेजारी विचारायला कोणी नाही. वर दार उघडलं. काळंकुट्ट पातेलं चिमट्यात धरून साडू उभा होता.

“आला ना?” तो वरूनच म्हणाला. “माझाच आहे तो!”

मी उरलेला जिना चढलो. त्याच्या शब्दावर माझा पूर्ण विश्वास आहे. तरीही मी पातेल्याला बोट लावून पाहिलं.

चांगलाच चटका बसला. फार बरं वाटलं.