न केलेल्या खर्चाचा जाब

आनंदरावांना गाव ‘वकीलसाहेब’ म्हणायचं. त्यात आदर किती आणि टवाळी किती, हे त्या दिवशी त्यांनी कितीजणांना थांबवून कायदा समजावला यावर ठरायचं.

ते पुरते वकील नव्हतेच. पुण्यात शेवटच्या परीक्षेआधी वडील गेले आणि ते ट्रंकभर पुस्तकं घेऊन भाटघरच्या पाण्याकाठी परत आले. भातखाचरांतून वेळ उरला की ग्रंथ लिहायचे. विषय असा : सरकार प्रजेकडून पैसा घेतं, तो कुठं गेला हे विचारायचा प्रजेला कायद्यानं काय हक्क?

त्यांच्या पत्नी चंद्राबाई म्हणत, “कुनी कुनाला काय इचारावं ते लिवत्यात. म्या इचारलं, बैलाची पेंड आनली का, तर म्हनं प्रकरण रंगात आलंय.”

धरण झाल्यावर फुगवट्याचं पाणी आमचं गाव आणि पलीकडचा धनगरवाडा यांच्या मधोमध शिरलं होतं. ये-जा एका होडीवर. तिच्यासाठी पंचायत घरटी पट्टी घेई. अडतीस सालच्या उन्हाळ्यात त्या होडीचा तळ इतका फुटला, की उतारू कमी आणि पाणी उपसणारे जास्त. पलीकडच्या भामाबाईंची सून पोटुशी होती, दिवस आषाढात भरणार, आणि सुईण आमच्या काठावर. पट्टी गोळा झालेली, दुरुस्तीचा मात्र पत्ता नाही.

आनंदरावांनी पंचायतीला अर्ज लिहिला. त्यात विलायतेच्या पार्लमेंटापासून सगळं होतं, फक्त होडी चौथ्या पानावर यायची. सरपंच सावळाराम आबांनी तो डोक्याला लावला आणि म्हणाले, “पट्टी कुलपात हाय. काळजी नगं.”

चैत्रात जत्रा झाली. दुसऱ्या दिवशी बकऱ्याचं जेवण. आमची रीत अशी, की जत्रेच्या वर्गणीचा हिशेब मोठ्यानं वाचून पंगतीनं ‘मान्य’ म्हटल्याशिवाय वाढप्यानं रश्श्यात डाव घालायचा नाही. हिशेब वाचून झाला. पंगत ‘मान्य’ म्हणणार, तेवढ्यात आनंदराव पत्रावळीवरून उठले.

“आता होडीच्या पट्टीचा.”

“ती सरकारी हाय,” आबा म्हणाले. “तिचा जत्रंशी काय संबंध?”

“आबा, पिढ्यान्‌पिढ्या पाळलेली रूढी कोर्टसुद्धा मानतं. घराघरातनं घेतलेला पैसा पंगतीपुढं वाचायचा, ही आपली रूढी. होडीची पट्टी याच घरांनी दिलीय.”

“वकीलसाहेब, रस्सा निवतोय,” डाव धरून उभा असलेला गेनबा कळवळला. “कलम काय लावायचं ते बिगीनं लावा!”

“निवू दे,” बायकांच्या पंगतीतून भामाबाई म्हणाल्या. “आमी बी पट्टी दिलीया. सांगा आबा.”

आबा लाल होऊन घरी गेले आणि पत्र्याची पेटी आणून पंगतीपुढं आदळली. कुलूप काढलं. पट्टी जशीच्या तशी!

“घ्या! एक पै हालली न्हाई!”

“मग व्हडी का फुटकी?” भामाबाईंनी विचारलं.

“ह्यांस्नी इचारा!” आबांनी आनंदरावांकडं बोट केलं. “संक्रांतीला तिळगूळ द्याया आलं आन् दोन प्रकरणं वाचून गेलं. खिळा घेतला तरी पावती पायजे, साक्षीदार पायजे, न्हाईतर जाब! म्या म्हनलं, खर्चच केला न्हाई तर जाब कसला द्याचा?”

पंगत पोट धरून हसली. आनंदराव हसले नाहीत. ते पत्रावळीपुढं परत खाली बसले, आणि गेनबाला वाटलं, आता तरी जेवण होणार.

“आबा,” आनंदराव म्हणाले, “चूक माझ्या ग्रंथात आहे. केलेल्या खर्चाचा जाब मी लिहिला. ज्या कामाला पैसा घेतला ते काम न करणं, त्याचाही जाब असतो. तो राहून गेला.”

“तो बी लिवा,” भामाबाई म्हणाल्या. “पन आदी व्हडी.”

“आन् मंजुरी कुनाची?” आबांचं भय अजून गेलं नव्हतं.

“ह्या पंगतीची. तुम्ही खर्च करा आणि त्याच दिवशी सगळ्यांना सांगा. मग तुमच्याकडं कोण बोट दाखवतो बघू.”

“मान्य!” पंगत ओरडली, आणि गेनबाचा डाव रश्श्यात बुडाला.

दुसऱ्याच दिवशी होडी काठावर पालथी घातली. सोनबा सुतार फळ्या ठोकायला बसला. रोज संध्याकाळी आबा पाण्याच्या कडेला उभे राहून दोन्ही हात तोंडाशी नेत.

“डांबर आनलं होऽ! सोनबाला मजुरी दिली होऽ!”

पलीकडून भामाबाईंची आरोळी येई, “ऐकलंऽ! खिळं कुनाकडनं घेतलंऽ?”

पहिले दोन दिवस आबा चिडले. नंतर त्यांना गोडी लागली. सांगण्यासारखं काही नसलं की ते सोनबाला घाई करू लागले. आनंदरावांचं नवं प्रकरण होडीच्या सावलीत चाललं होतं. आबा येऊन विचारत, “माझं नाव घातलं का?”

आषाढात एका सकाळी पलीकडून हाका आल्या. वारा सुटला होता, पाऊस कोसळत होता. सुईण होडीत बसली. आबांनी स्वतः वल्हं धरलं, आणि उपसायचं डबडं घेऊन बसलेल्या आनंदरावांना पलीकडच्या काठापर्यंत, वरून पडेल त्या पावसाखेरीज, उपसायला काही मिळालं नाही.