गिरणीवालीचा नवरा

बुऱ्हाणपूरच्या बसस्टँडवर चौकशीची खिडकी होती, तोवर अनंतराव त्या खिडकीत होते. इच्छापूरची गाडी कुठं लागते, रावेरची सुटली का, खंडव्याची आता कोणती, एवढंच लोक विचारायचे आणि एवढंच ते सांगायचे. मराठीत विचारलं तर मराठीत, हिंदीत विचारलं तर हिंदीत. मग जो तो मोबाइलमध्ये बघूनच घरून निघायला लागला. गाडीमालकांनी अनंतरावांना शाल आणि नारळ दिला आणि खिडकीला आतून फळी ठोकली.

घरी त्यांना करमेना. ओट्यावर बसायचे आणि गल्लीत कोणी चप्पल घालताना दिसलं की कुठं निघालात म्हणून विचारायचे. समोरचा सांगेपर्यंत यांनी गाडी सांगून टाकलेली असायची. एकदा शेजारचे कौतिक नाना नुसते दाढीला निघाले होते, त्यांनाही यांनी मलकापूरची गाडी सांगितली. सुनंदाबाईंनी मुलाला बजावलं, उद्यापासून यांना दुकानात घेऊन जा, नाहीतर मी माहेरी जाते. त्यावर अनंतरावांनी त्यांना माहेरची गाडीही सांगितली.

मुलाचं, स्वप्निलचं, कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान शनवारा चौकाजवळ होतं. रविवारी सकाळी तिथं गेम खेळणारी मंडळी जमायची. कोण कुठवर पोचलं, कुठला गेम चांगला, कुठल्यानं फसवलं, यावर जलेबी संपेस्तोवर चर्चा चालायची. त्यांत दोघं पक्की होती. एक रितेश. वडिलांच्या पॉवरलूमवर बसायचा आणि राज्यं जिंकायचे गेम खेळायचा. दुसरी तृप्ती. शाळेत विज्ञान शिकवायची आणि रोलप्लेचे गेम खेळायची, ज्यात आपणच एक माणूस होऊन दुसऱ्या दुनियेत हिंडतो. रितेशचं म्हणणं असायचं की खरी मजा वरून बघण्यात आहे. धान्य किती, हत्ती किती, कुठला घाट रोखायचा. तृप्ती म्हणायची, वरून सगळी माणसं मुंग्यांसारखी दिसतात, त्यात कसली मजा. हा वाद दर रविवारी नव्यानं व्हायचा आणि कोणीच हरायचं नाही.

वडिलांना कुठंतरी गुंतवायचं म्हणून स्वप्निलनं कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर तृप्तीच्या पसंतीचा एक गेम लावून दिला. गोष्ट सोपी होती. आग ओकणारा ड्रॅगन राज्यावर उठला आहे. डोंगराखालच्या एका खेड्यात म्हातारा पाटील आपल्या हातात तलवार देतो आणि सांगतो, वीरा, वेळ नाही, लगेच निघ.

अनंतरावांनी तलवार घेतली, कमरेला लावली आणि गावात चौकशीला गेले.

त्यांचं म्हणणं रास्त होतं. अनोळखी गाव, कोण कुठं राहतं ठाऊक नाही, असं कसं निघायचं? ते लोहाराशी बोलले, विहिरीवरच्या म्हातारीशी बोलले, मेंढ्या राखणाऱ्याशी बोलले. प्रत्येकाचं एकेक वाक्य होतं. लोहार म्हणे, लोखंड महागलं. म्हातारी म्हणे, माझे गुडघे पाऊस सांगतात. दुसऱ्या दिवशी अनंतराव पुन्हा सगळ्यांकडे गेले. लोहार पुन्हा तेच म्हणाला. इतर खेळणारे अशानं कंटाळतात. अनंतरावांना मात्र त्या माणसांबद्दल आपुलकी वाटली. दिवसभर तेच ते सांगायला काय लागतं, हे त्यांना माहीत होतं.

गावाच्या टोकाला पिठाची गिरणी होती. वाऱ्यावर चालणारी, मोठाल्या पंखांची. तिथं मार्था नावाची बाई उभी असायची. ती म्हणायची, “माझा नवरा होल्गर जात्याचा नवा दगड आणायला खाणीवर गेलाय. एव्हाना यायला हवा होता.” खाली दोनच उत्तरं दिलेली होती. पीठ घ्या, किंवा निरोप घ्या.

अनंतरावांनी पहिल्या दिवशी पीठ घेतलं. दुसऱ्या दिवशी गेले तर बाई तेच म्हणाली. म्हणजे अजून आला नव्हता. तिसऱ्या दिवशीही नाही. गिरणीत आत खुंटीला होल्गरची टोपी तशीच होती. अनंतरावांचं जेवणात लक्ष लागेना. सुनंदाबाईंनी विचारलं तर म्हणाले, दगडच आणायचा होता, एवढा उशीर कसा होईल?

रविवारी रितेशनं सांगितलं की त्यानं समुद्रापलीकडचं एक राज्य उपाशी मारून जिंकलं. तृप्तीनं सांगितलं की तिच्या गेममधल्या राणीनं तिला दगा दिला, पण दगा फार सुंदर लिहिलेला होता. मग सगळ्यांनी अनंतरावांकडे बघितलं. ते म्हणाले, गेम चांगला आहे, माणसं चांगली आहेत, पण गिरणीवालीचा नवरा आलेला नाही. मंडळी हसली. पुढच्या रविवारीही त्यांनी तेच सांगितलं, तेव्हा जरा कमी हसली. त्यानंतरच्या रविवारी रितेश दुकानात शिरतानाच विचारता झाला, काका, वो आया क्या?

शेवटी खाणीवर जायचं ठरलं. अडचण एवढीच होती की अनंतरावांनी आजवर गावाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं आणि तलवार एकदाही उपसली नव्हती. फाटकाबाहेर पहिल्याच रानडुकरानं त्यांना आडवं केलं. ते पुन्हा गावात जिवंत झाले, पुन्हा निघाले, पुन्हा डुकरानं गाठलं. रितेशनं मोहीम हातात घेतली. त्याच्या मते हा प्रश्न शौर्याचा नव्हताच, रसदीचा होता. पीठ तर पोत्यांनी साठलेलं होतं. ते वाटेवर थोडं थोडं टाकत जायचं, डुक्कर खात बसेल, आपण पुढं. तृप्ती म्हणाली, असं या गेममध्ये चालत नाही. अनंतरावांनी पीठ टाकलं, आणि डुक्कर खात बसलं.

खाणीत कोणी नव्हतं. एक पेटता कंदील, काही पिंपं, आणि एका भिंतीशी घडवून ठेवलेला जात्याचा दगड. तो हलवता येत नव्हता, उचलता येत नव्हता. अनंतरावांनी होल्गर म्हणून हाक मारली, ती दुकानातच. बाहेर चार्जर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक दचकलं.

तृप्तीनं इंटरनेटवर शोधाशोध केली. देशोदेशीच्या खेळणाऱ्यांनी यावर लिहून ठेवलं होतं. गेम बनवणाऱ्यांना वेळ कमी पडला आणि होल्गरचा सगळा भाग त्यांनी काढून टाकला. बायकोचं वाक्य तेवढं राहून गेलं. स्वप्निलनं वडिलांना शक्य तितक्या हळू सांगितलं, “पप्पा, तो हरवलेला नाहीये. त्याला बनवलाच नाही.”

अनंतराव गिरणीत परत गेले आणि खुंटीवरच्या टोपीसमोर थांबले. मग म्हणाले, “बनवला नाही तर टोपी कोणाची?”

अनंतरावांना आता वेगळीच काळजी लागली. ही गोष्ट बाईला सांगायला हवी होती. त्यांनी जाऊन बघितलं, पण उत्तरं दोनच, पीठ किंवा निरोप. बातमी द्यायची सोयच नव्हती. ती बाई रोज वाट बघणार आणि आपण रोज पीठ घेऊन परतणार, हे त्यांना सोसवेना. जो माणूस कुठंच नाही त्याचं निदान चार लोकांत नाव तरी घ्यावं, असं त्यांच्या मनानं घेतलं. त्यांनी कौतिक नानांचा सल्ला घेतला, कारण नाना गल्लीतल्या सगळ्या सुतकांचे जाणकार. नानांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. दहावं-तेरावं करता येणार नाही, ते म्हणाले, तिथी लागते आणि गोत्र लागतं. श्रद्धांजली सभेला मात्र काहीच लागत नाही.

तेव्हा सभा ठरली. फ्लेक्सवाल्यानं फोटो मागितला. स्वप्निलनं खुंटीवरच्या टोपीचा फोटो दिला. जन्म आणि मृत्यूच्या जागा रिकाम्या ठेवल्या. शनवाऱ्याच्या चौकात फ्लेक्स लागला. मध्ये फुलांच्या हारात टोपी, खाली ‘कै. होल्गर, गिरणीवाले, यांना भावपूर्ण श्रद्धांजली’, आणि त्याखाली शोकाकुल म्हणून रविवार मित्रमंडळ.

रविवारी सकाळी दुकानापुढं सतरंजी टाकली, तेव्हा अनंतरावांना वाटलं होतं नेहमीची मंडळी येतील. पण गावात काही माणसं अशी असतात की सभा दिसली की बसतात. ती आली. पॉवरलूमवरचे कारागीर आले, तृप्तीच्या शाळेतल्या मॅडम आल्या. एक माजी नगरसेवकही आले. त्यांनी फ्लेक्स नीट वाचला, डोळे पुसले आणि हिंदीत बोलायला उभे राहिले. होल्गरभाईंच्या गिरणीचं पीठ कोणी विसरू शकत नाही, असं ते म्हणाले. पुढच्या ओळीतल्या दोघांनी माना डोलावल्या. रितेशला हसू येईल म्हणून तो खाली बघत होता. बघता बघता त्याचे डोळे खरोखरच भरून आले. हे त्याला मागाहून कोणाला समजावून सांगता आलं नाही.

सभा उठल्यावर एक माणूस बसूनच राहिला. लोटू त्याचं नाव, दापोऱ्याचा केळीवाला. ठिबकचे पाईप घ्यायला गावात आला होता आणि फ्लेक्स बघून थांबला होता. तो अनंतरावांजवळ सरकला आणि म्हणाला, “भाऊ, मी वळखत होतो त्याले. होळकर ना? गोट्याच्या खाणीवर आम्ही बरोबर होतो.”

स्वप्निल चूक सुधारायला पुढं झाला, पण अनंतरावांनी त्याला हातानं थांबवलं. त्यांनी लोटूला चहा मागवला आणि विचारलं, कसा होता? लोटूनं सांगितलं. डोक्यावर केस नव्हते, म्हणून बारा महिने टोपी. शिंक आली की आधी हसायचा. एका कामाला गेला की वाटेत दुसरं काम दिसायचं, तिथंच रमायचा, घरचे इकडं वाट बघायचे. पण मनाचा साफ. अनंतरावांना हा माणूस दुसराच कोणी आहे हे कळत होतं. तरी त्यांनी दुपार होईस्तोवर त्याला प्रश्न विचारले. आवाज कसा, झोप कशी, बायकोबद्दल कसं बोलायचा. लोटू पाईप घेऊन गेला, तेव्हा अनंतरावांना पहिल्यांदा हलकं वाटलं.

ते हलकेपण फार टिकलं नाही. सोमवारी गिरणीवर गेले तर बाई तेच म्हणाली. एव्हाना यायला हवा होता.

आता मात्र सुनंदाबाईंचा धीर संपला. नवरा एका गिरणीवालीपायी नीट जेवत नाही, ही गोष्ट गल्लीत जाण्याआधी त्यांनी पदर खोचला आणि दुकान गाठलं. कोण ती, मला दाखव, म्हणाल्या. स्वप्निलनं दाखवली. सुनंदाबाईंनी मार्थाचं वाक्य ऐकलं, गिरणी बघितली, टोपी बघितली. मग विचारलं, या तलवारवाल्याला इथं मुळात पाठवलं कशाला होतं? स्वप्निलनं ड्रॅगनचं सांगितलं.

“मग ते आधी करा की,” सुनंदाबाई म्हणाल्या. “राज्य जळतंय आणि हे दारोदार विचारत फिरतायत.”

त्यांनी अनंतरावांना खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसल्या. त्या दिवसापासून दुपारची जेवणं आटोपली की त्या यायच्या. तृप्ती शाळा सुटल्यावर त्यांना गेम शिकवायला थांबायची. सुनंदाबाई कोणाशी बोलत नसत, कोणाचं ऐकून घेत नसत. समोर आलं ते कापायचं आणि पुढं जायचं, ही त्यांची पद्धत. डुकराला त्यांनी पीठ टाकलं नाही. तृप्ती म्हणाली, इतकी वर्षं खेळतेय, एवढं सरळ कोणाला खेळताना बघितलं नाही. एका दुपारी ड्रॅगन कोसळला. पडद्यावर नगारे वाजले, राजा सिंहासनावरून उठला. सुनंदाबाईंनी विचारलं, मेला का? मेला म्हटल्यावर घरी गेल्या, त्यांना वाळवणं उचलायची होती.

अनंतराव रिकाम्या खुर्चीत बसले आणि वीराला घेऊन परत खेड्यात आले. गावात पताका लागल्या होत्या. लोहार म्हणाला, लोखंड स्वस्त झालं. म्हातारी म्हणाली, गुडघे आज गप्प आहेत. अनंतराव थेट गिरणीकडे गेले. मार्था दारात उभी होती. ती म्हणाली, “नवा दगड फार बारीक दळतो, असं माझा नवरा म्हणतो.”

त्यांनी पुन्हा विचारलं. ती पुन्हा तेच म्हणाली. त्यांनी स्वप्निलला बोलावलं, त्यानं वाचलं आणि त्याला खुलासाही सुचला. शेवटची वाक्यं आधी लिहिलेली असणार, होल्गरला काढताना ती काढायची राहिली. अनंतरावांनी खुलासा ऐकलाच नाही.

“म्हणजे आला,” ते म्हणाले.

आता पंचाईत झाली. ज्याची सभा घेतली तो घरी आला होता, आणि फ्लेक्स अजून चौकात होता. कौतिक नाना म्हणाले, असा माणूस पुष्कळ जगतो, पण फ्लेक्स आजच्या आज उतरवा. तो उतरवला. अनंतरावांनी मावा जलेबी आणून सभेला आलेल्यांपैकी ज्यांची घरं माहीत होती त्या सगळ्यांना वाटली. होल्गर सुखरूप असल्याचं सांगितल्यावर कोणी फारसं खोलात गेलं नाही. माजी नगरसेवकांनी तर सत्काराची तारीख विचारली. लोटूला फोन केला तेव्हा तो म्हणाला, “मी तर तवाच म्हनलो असतो भाऊ, पन सभा होती. तो असा जानारा गडीच नव्हे.”

रविवारी मंडळी जमली. रितेशनं सांगितलं की त्यानं एका शहराला घातलेला वेढा उठवला आणि सैनिकांना घरी पाठवून दिलं. आता त्याचं राज्य सगळीकडून खचत चाललं आहे. तृप्तीनं विचारलं, हे काय सुचलं तुला? तो म्हणाला, पता नहीं यार, उनकी भी कोई राह देखती होगी. सुनंदाबाईंना दुसरा गेम हवा होता, याहून मोठा ड्रॅगन असलेला.

अनंतरावही आता दुसरं काहीतरी खेळतात, शेतीचं. गिरणीकडे ते गेलेले नाहीत. स्वप्निलनं एकदा विचारलं, पप्पा, मार्थाला भेटत नाही का? ते म्हणाले, घरधनी आलाय, आता बाईमाणसाच्या दारात रोज जाऊन उभं राहणं बरं दिसत नाही.