सात ठोके

धाकट्या सुनेची सोमवारी शिरोलीच्या एका फौंड्रीत कामासाठी चाचणी होती. शनिवारी दुपारी तिचा पाचवा कोअर साच्यातून काढताना ढासळला. मी अंगणात येरझाऱ्या घालत होते. तिला शिकवणारी मीच होते, पण फोनमधली.

पंपाचं ओतकाम आतून पोकळ यावं म्हणून वाळूचा गाभा करतात, तो कोअर. आयुष्यभर मी तेच काम केलं. मागच्या वर्षी एक पोरगी कॅमेरा घेऊन आली. फोनवर बघून घरबसल्या हे काम शिकता येईल असे धडे तिला बनवायचे होते. हुशार होती, पण तिच्या कागदावर प्रत्येक गोष्टीला आकडा हवा होता.

"आजी, किती वेळा ठोकायचं?"

"भरंपर्यंत."

तिनं ते लिहिलं नाही.

त्या दिवशी साचा लहान होता. सात ठोक्यांत वाळू बसली. आता घरी मागून आणलेला साचा त्याच्या दुप्पट, आणि सून दांडक्यानं सात ठोके मारून थांबत होती.

"मोजतीस काय? पंगतीतली ताटं हैत व्हय?"

"आत्ती, तुम्हीच सात मारलाय की. चारदा बघितलंय मी."

"आणि आवाज?"

"कसला आवाज? तिथं बासरी वाजतीय."

मी फोन कानाला लावला. खरंच बासरी होती. वर एक बाई गोड गळ्यानं सांगत होती, वाळू नीट दाबा. नीट म्हणजे किती, ते दांडक्याच्या आवाजावरून कळतं. सैल वाळूवर तो बदबद वाजतो, बसली की ठक् म्हणतो. तिथंच थांबायचं. पुढं ठोकलं तर कोअर दगडासारखा होतो, आतला वायू कोंडतो आणि ओतताना लोखंडाचा रस उसळतो.

त्या कॅमेरावाल्या पोरीला फोन केला. "माझ्या ठोक्यांचा आवाज काढून टाकलास?"

"मागं गोंगाट फार होता, आजी. स्वच्छ केला."

"अगं, त्येच ऐकायचं होतं!"

धडा मंजूर झालाय, वर विचारावं लागेल, म्हणाली. मी तिला बोलले, पण चूक माझीही होती. इतकी वर्षं कानानं काम केलं आणि तिनं विचारलं तेव्हा तेवढंच सांगायचं सुचलं नाही.

रविवारी सुनेच्या डोळ्यांवर पदर बांधला. साचा मी भरायची, ठोकायची ती.

"सैल हाय, का बसली?"

"बसली."

"डोंबलाची बसली! अजून ठोक."

शेजारीण भिंतीवरून डोकावली. "सुनंचं भूत उतरवताय व्हय?"

"तुमचं झालं की हिचं घेते," मी म्हणाले. सून हसली आणि तिचा हात सैल पडला. दिवेलागणीपर्यंत कोअर उभे राहायला लागले.

सोमवारी ती दुपारी आली. मी दारातच होते.

"घेतलं," ती म्हणाली.

"मोडले किती?"

"एक. आणि आत्ती, आणखी दोघी आलत्या. फोनवरच शिकलेल्या. सात मारून थांबल्या."

"मग?"

"परत पाठवलं त्यांना."

तिनं माझं ताट वाढलं. मी पोरीला फोन लावला. उचलला नाही. परत लावला.

"आत्ती, जेवा की."

"थांब जरा," म्हणाले, आणि पुन्हा लावला.