दोन दारांचं विहार

भिंत दिसली, की मिस्त्री बोटाच्या पेरानं ती वाजवून पाहायचे. कान जवळ नेऊन, डोळे मिटून. "वाजवली की सांगते ते," म्हणायचे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. हातातलं काम गेलं तरी हाताची खोड जात नाही.

यवतमाळात माझा कॉम्प्युटर क्लास होता. कपाशीनं लागोपाठ दगा दिला, ती वर्षं. गावोगावची बांधकामं थांबली होती. हे पन्नाशीचे गवंडी माझ्याकडे फरशीच्या डागडुजीला आले आणि काम संपल्यावरही येत राहिले. घरी बसवत नव्हतं त्यांना.

टायपिंगचे वर्ग आटोपले, की मी तेव्हा एक गेम इंजिन, म्हणजे कॉम्प्युटरवरचे खेळ तयार करायचं सॉफ्टवेअर, शिकायचे. त्याच्या एडिटरमध्ये भिंती, जिने, दारं उभी करायची आणि मग खेळाडू होऊन त्याच जागेत फिरायचं. माझी पहिलीच खोली आठवडाभर अडली होती. चालवायला गेलं की पडद्यावर एकच तक्रार यायची: लीक.

"काय म्हन्ते ते?" मिस्त्रींनी विचारलं.

"खोली कुठंतरी उघडी राहिलीय. गळतेय."

त्यांनी खुर्ची ओढली. पडद्यावर पेर वाजवलं. "भिंतीत काहून पाह्यता मॅडम? स्लॅबच्या सांध्यात पाहा."

छत आणि भिंत यांच्यात खरंच केसाएवढी फट होती. ती बुजवली आणि खोली चालू झाली. मिस्त्रींनी बाणांची बटणं दाबत आत तीन चकरा मारल्या. "पायरी लय उंच केली तुमी. म्हातारं मानूस कसं चढन?"

त्या दिवसापासून कोण कोणाला शिकवत होतं, ते मला सांगता येणार नाही. माउस ते थापीसारखा दाबून धरायचे. पण महिनाभरात त्यांनी पडद्यावर आपल्या वस्तीचं बुद्धविहार बांधायला घेतलं. वस्तीत त्यासाठी जागा होती. दार पूर्वेला असावं की रस्त्याकडे, यावर मात्र कितीतरी वर्षं भांडण होतं, म्हणून विहार उभंच राहिलं नव्हतं. मिस्त्रींनी दोन्ही दारं केली.

एका रविवारी वस्तीतल्या बाया क्लासात आल्या. सगळ्यांत म्हाताऱ्या आजीला आम्ही खुर्चीत बसवलं. पडद्यावर विहाराचं दार उघडलं, तशी आजी खाली वाकून चपला काढायला लागली. कोणी हसलं नाही.

"चाला न आजी, आत चाला," बाणांची बटणं दाबत मिस्त्री हळूच म्हणाले.

आजी आधी पूर्वेच्या दारानं गेली, मग रस्त्याकडच्या. तिथं बराच वेळ थांबली. "हेच राहू दे रे बापू. कामावर जातानी आत याले वेळ नसन, तरी रस्त्यावरून हात जोडता येते."

कोणी वाद घातला नाही. पावसाळा सरला आणि वस्तीनं खरा पाया खणला. मिस्त्रींचं क्लासात येणं थांबलं.

एका दुपारी मी मुद्दाम तिकडून गेले. ते उंच परांचीवर बसले होते, कोपरापर्यंत सिमेंट माखलेलं. "माल आना न लवकर! सुकून राह्यला!" खाली उभ्या लोकांवर ते ओरडत होते. माझ्याकडे वर्षभर येऊनही इतक्या खणखणीत आवाजात ते कधी बोलले नव्हते. मी हाक न मारताच परत फिरले.