तांदळाच्या पिंपातला दिवाळी अंक

टेपताई संध्याकाळी घरी निघाली की तिच्या डब्याच्या पिशवीत आमचा अख्खा छापखाना असायचा. दिवसभरात आम्ही जे काही जुळवलं, लावलं, सुधारलं, ते सगळं कॅसेटएवढ्या टेपवर उतरवून ती बाळकुमला घरी घेऊन जायची. नव्वदच्या दशकात ठाण्यातल्या आमच्या छापखान्यातून अक्षरं जुळवायचे शिशाचे खिळे गेले, संगणक आले, आणि सगळ्या संगणकांचं काम ज्या एका मोठ्या डब्यात साठायचं, त्या सर्व्हरची राखणदार म्हणून ही आली. नाव नलिनी कोळी, पण मालक अण्णांपासून चहावाल्यापर्यंत सगळे तिला टेपताईच म्हणायचे.

"टेप घरी कशाला नेतेस गं?" मी एकदा विचारलं.

"अरे, माझी आई पावसाळ्याची सुकी मासळी कधी एका घरात ठेवत नाही. अर्धी आपल्याकडे, अर्धी मावशीकडे. खाडीचं पाणी एका घरात शिरलं तरी दुसऱ्या घरात कालवण शिजतं." संगणकाचा डिप्लोमा तिने रीतसर केला होता, पण त्यातलं हे प्रकरण तिला आधीपासून येत होतं. घरी टेप ती तांदळाच्या पिंपात ठेवायची. दमट हवेत टेपला बुरशी धरते आणि तांदूळ ओल ओढून घेतो, हेही आईचंच शास्त्र.

डिस्कवर पसारा तिला खपत नसे. आम्ही एकाच लेखाच्या 'नवी', 'खरी नवी', 'शेवटची' आणि 'ही घ्या' अशा फायली करून ठेवायचो. ती खुर्चीमागे येऊन उभी राहायची. "डिस्क म्हणजे माळा नव्हे, दिसेल ते टाकायला. यातली खरी कुठली?" आम्हालाच ठाऊक नसायचं. मग कान पकडून सगळं वाचायला लावायची.

शनिवारी तर तिचं व्रतच असायचं. आठवड्यातली कुठलीही एक टेप घ्यायची, कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर उतरवायची आणि पानं उघडून बघायची. अण्णा कुरकुरायचे, "रोज घेतेस ना बॅकअप? मग हे कशाला?" त्यावर तिचं उत्तर ठरलेलं असे. "उतरवून बघितल्याशिवाय तो बॅकअप नाही अण्णा, नुसती श्रद्धा." अण्णा देवभोळे; त्यांना हे वाक्य फार झोंबायचं.

त्या वर्षी अण्णांनी स्वतःचा दिवाळी अंक काढायला घेतला. जन्मभर दुसऱ्यांचे अंक छापले, आता एकावर संपादक म्हणून आपलं नाव हवं, एवढीच त्यांची हौस. पानं लागत आली होती आणि दसरा उजाडला.

दसऱ्याला छापखान्यात यंत्रांची पूजा. ऑफसेट मशीनला झेंडूचं तोरण झालं, कटिंग मशीनला हळदकुंकू झालं. अण्णा म्हणाले, खरा अंक तर सर्व्हरमध्ये आहे, त्याला का वगळायचं? सर्व्हर पाटावर बसवलेला, चालू, आणि उकाड्यामुळे बाजूचं झाकण काढून ठेवलेलं. टेपताई बाहेर आपट्याची पानं वाटत होती. अण्णांनी भक्तिभावाने त्याच्यासमोर नारळ आपटला. पाण्याची चिळकांडी थेट आत गेली. चट्ट झालं, जळका वास आला आणि संगणकांचे पडदे काळे पडले.

टेपताई धावत आली. आत बघितलं, डिस्क फिरेना. आतली टेपही भिजलेली. अण्णा मटकन स्टुलावर बसले. नव्याने अंक जुळवायला वेळ नव्हता, आणि दिवाळीनंतर दिवाळी अंक कोण घेतो? "संपलं," एवढंच ते म्हणाले.

"कालची टेप घरी आहे," ती म्हणाली. "चल रे, स्कूटर काढ."

बाळकुमपर्यंत मी स्कूटर कशी हाणली ते माझं मला ठाऊक. घरात शिरून तिने पिंपात कोपरापर्यंत हात घातला. टेप नव्हती. तेवढ्यात आतून आई म्हणाली, "ती पेटी व्हय? ती देवापुढं हाय. तुझ्या पोटाचा धंदा ना गो तो, मंग दसऱ्याला पुजाया नको?"

टेपवर हळद, कुंकू, वर झेंडूचं फूल. टेपताई डोळे मिटून म्हणाली, "आये, पाणी शिंपडलंस?"

"दिवा लावला. पाणी कशाला?"

तिने आईचा गालगुच्चा घेतला आणि परत येईपर्यंत मागे बसून फुंकून फुंकून हळद उडवली. शनिवारच्या जुन्या मशीनवर टेप चढली. घरघर सुरू झाली. सगळा छापखाना मशीनभोवती उभा. ऊन उतरलं तेव्हा पहिलं पान उघडलं, मग दुसरं, मग मुखपृष्ठ. अण्णा लहान मुलासारखे रडले आणि आम्ही सगळ्यांनी त्यांना रडू दिलं.

पानं छपाईला जायच्या आधी अण्णा म्हणाले, संपादकाच्या खाली तुझं नाव घालतो.

"अजिबात नाही. त्या पानाला आता कोणी हात लावायचा नाही. उघडलं की काहीतरी हलतं. माझ्या नावापायी अंक परत धोक्यात घालू?" अण्णांनी विनवण्या केल्या, पण ती हलली नाही.

अंक बांधून आले. अण्णांनी गठ्ठा सोडला, खिशातलं पेन काढलं आणि पहिल्या प्रतीवर आपल्या छापील नावाखाली लिहिलं, 'नलिनी कोळी'. मग दुसऱ्या प्रतीवर. "पान उघडायला बंदी आहे, लिहायला नाही," ते म्हणाले. टेपताईने तोंड फिरवून कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवरची धूळ पुसायला घेतली, आणि बराच वेळ पुसत राहिली. हात भरून येईपर्यंत अण्णा लिहीत होते; अंक बाहेर पडला तो प्रत्येक प्रतीवर तिचं नाव घेऊनच.

पुढच्या उन्हाळ्यात अण्णा गेले. त्यांचा तो एकच अंक. टेपताई कल्याणच्या एका रुग्णालयात लागली, रुग्णांची माहिती सांभाळायला. तिथले लोक नशीबवान. ठाण्यात कुठे रद्दीत एखादा जुना दिवाळी अंक मिळाला आणि संपादकाच्या नावाखाली निळ्या शाईतलं नाव दिसलं, तर तो टाकू नका. अक्षर अण्णांचं आहे, अंक तिचा आहे.