गाडी दिसेनाशी होईपर्यंत

रायपूर सोडून जाणाऱ्याला दोन गोष्टी लागत, तिकीट आणि आमचे घरमालक. आणि यातलं तिकीट एखाद्या वेळी नसलं तरी निभावून जाई. माणसं पोचवणं हा या गृहस्थांचा जन्माचा उद्योग होता. ते रेल्वेत असावेत असं कुणालाही वाटे, पण सगळी नोकरी त्यांनी सिंचन खात्यात कालव्यांचे नकाशे काढण्यात घालवली. स्टेशनशी त्यांचा संबंध फक्त प्लॅटफॉर्म तिकिटापुरता. नवं राज्य झालं, माझ्या ऑफिसनं राजधानीत बिऱ्हाड थाटलं आणि मला अमरावतीहून इकडे धाडलं, तेव्हा बूढापाऱ्यातल्या (मोहल्ल्याला इकडे पारा म्हणतात) त्यांच्या घराच्या वरच्या खोल्यांत मी राहायला आले. पहिल्या दिवाळीला घरी निघाले तेव्हा मी भिडेपोटी म्हटलं, "काका, तुम्ही कशाला त्रास घेता, मी ऑटोनं जाते." ते म्हणाले, "जाय ना ऑटोनं. मी स्कूटरनं मांगून येतो." आणि खरोखरच आले. सबंध रस्ताभर ऑटोच्या मागे हेल्मेट घातलेलं ते एक डोकं डुलत होतं. ऑटोवाल्यानं दोनदा आरशात बघून विचारलं, "दीदी, ये कौन पीछा कर रहा है?"

पोचवण्याचं त्यांचं एक शास्त्र होतं. माणूस गाडीत चढला म्हणजे गेला, हे त्यांना मान्य नव्हतं. गाडी हलते, डबे एकेक करून पुढे सरकतात, शेवटचा डबा बारीक होत होत दिसेनासा होतो, तेव्हा कुठे तो गेला. त्याआधी पाठ फिरवणं म्हणजे पाहुण्याला भरल्या ताटावरून उठवणं. एसी डब्याशी तर त्यांचं हाडवैर. "काचेतून का माणूस पोचवता येते? तू बोलून राहिली तं मले आयकू येत नाही, मी बोलून राहिलो तं तुले येत नाही. मासोळ्या पाहाले आल्यावानी वाटते." त्यांचा हा बाणा इतका ठाऊक होता की पाऱ्यातली चांगली खातीपिती माणसंही रायपूरला स्लीपरमध्ये बसत आणि दुर्गला उतरून गुपचूप एसीत शिरत. खिडकीच्या गजाला धरून काका शेवटच्या सूचना देत, त्या वर्षानुवर्षं बदलल्या नाहीत. दुर्गचा चहा घेऊ नको, राजनांदगावचा घे. डोंगरगड आलं की देवीला हात जोड. पोचली की फोन कर, आणि नाही पोचली तरी कर.

बरं, हे स्टेशनापुरतं असतं तरी चाललं असतं. घरी आलेल्या पाहुण्याला ते आधी दारात पोचवत, मग पायरीपर्यंत, मग गल्लीच्या तोंडाशी, आणि बोलता बोलता पाऱ्याजवळच्या तलावाच्या काठापर्यंत जात. तिथे पाहुण्यालाच संकोच वाटून तो त्यांना परत घरापर्यंत सोडायला येई आणि मग सगळं पहिल्यापासून सुरू होई. मी गोल बाजारात एक डबा आणायला निघाले तरी ते पायरीवर येऊन उभे राहत. सरकारी कचेऱ्या उठून शहराबाहेर नव्या राजधानीत गेल्या, आमचंही ऑफिस त्यांच्या मागोमाग गेलं, आणि सकाळी तलावाच्या कोपऱ्यावरून आमची बस सुटू लागली. काकांना रोजचं काम मिळालं. बस वळणाआड जाईपर्यंत ते हात वर करून उभे. ड्रायव्हर त्यांच्यासाठी एक हॉर्न वाजवी, आणि बसमधले मोठे मोठे साहेब, घरी बायकोनं मान वर करून पाहिलं नसलं तरी, खिडकीतून काकांना हात करत.

त्यांना मुलगी एकच. ती शिकायला म्हणून जर्मनीला गेली आणि तिथेच नोकरीला लागली. काकू गेल्यानंतर ती दर रविवारी फोनवर एकच गोष्ट मागे, "बाबा, आता इकडेच या. कायमचे." काका म्हणत, गणपती होऊ दे, मग म्हणत, टाकीचा नळ बदलू दे. मग एकदा न्हाणीघरात चक्कर येऊन ते पडले. मी वर होते म्हणून निभावलं. लेक धावत आली, कागदपत्रं करून, तिकिटं हातात देऊन गेली. नवरात्र संपलं की काकांनी गाडीनं मुंबईला आणि तिथून विमानानं तिच्याकडे जायचं ठरलं.

त्या दिवशी अख्खा पारा स्टेशनवर लोटला. ज्यांना ज्यांना त्यांनी आजवर पोचवलं होतं ते सगळे उसनं फेडायला आले होते. काकांनी बॅगा आत लावल्या, जागा झटकली, समोरच्या प्रवाशाला राजनांदगावच्या चहाचं सांगितलं आणि सवयीनं खाली उतरून खिडकीशी उभे राहिले. शिट्टी झाली. गाडी हलली. काकांनी हात वर केला, म्हणून आम्हीही केला. एकेक डबा पुढून गेला, आम्ही सगळे हात हलवत होतो, आणि शेवटचा डबा बारीक होऊन दिसेनासा झाल्यावर काका समाधानानं म्हणाले, "चला, टायमावर सुटली बाप्पा." मग त्यांनी आमच्या तोंडांकडे पाहिलं.

बॅगा नागपूरला कुणीतरी उतरवून घेतल्या. पारा दोन दिवस हसत होता. लेक मात्र हसली नाही. त्याच संध्याकाळी तिचा मला फोन आला, "ताई, खरं सांगा. बाबांना माझ्याकडे यायचंच नाहीये ना?" मी म्हटलं, "अगं, सवय नुसती, दुसरं काही नाही." पण मलाच खात्री नव्हती, आणि मनातून मलाही ते जायला नकोच होते. काका दारात उभे राहून ऐकत होते, हे मला नंतर दिसलं. ते आत येऊन टेकले. मग म्हणाले, "पोट्टी रडत होती का?"

"हो."

"मंग या खेपेले तू मले आतमंदी बसव. अन् मी किती म्हनलं तरी उतरू देऊ नको."

दुसऱ्या तिकिटाला स्लीपरमध्ये जागा मिळाली नाही. ज्यानं जन्मभर काचेचा राग केला तो माणूस काचेआड बसला. काही सांगत होता, ऐकू येत नव्हतं. शेवटी त्यांनी तळहात काचेला लावला आणि गाडी हलली. बाकीचे वळले. मी शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत उभी राहिले, कारण आता दुसरं कुणी उभं राहणारं नव्हतं.

तिकडे त्या वेळी पानं पिवळी होऊन गळत होती. लेकीनं रजा काढून त्यांना देश दाखवायला नेलं, तर काका ज्या गाडीतून उतरत तिलाच पोचवत बसत. ती निघून गेल्याशिवाय प्लॅटफॉर्म सोडत नसत, आणि पुढची गाडी चुके. लेकीच्या इमारतीतली खालच्या मजल्यावरची एक म्हातारी टॅक्सीनं मुलाकडे निघाली, तेव्हा हे हात वर करून उभे. आपलं काहीतरी मागे राहिलं असं वाटून ती बिचारी दोनदा टॅक्सीतून उतरली. आता म्हणे ती आधी काकांना हाक मारते आणि मगच टॅक्सी बोलावते. फोनवर मी विचारलं, "काका, करमतं का?" म्हणाले, "करमाले काय झालं? सकाळची ड्यूटी आहे ना." ड्यूटी म्हणजे लेकीला ट्रामच्या स्टॉपवर पोचवणं. त्याबद्दल लेकीनंच मला पुढे सांगितलं, "ताई, इतकी वर्षं मी इथे एकटी येते-जाते. पहिल्या दिवशी मागे वळून पाहिलं तर बाबा उभे. ट्राम वळली तरी हात वरच. मी ऑफिस येईपर्यंत रडले." तेव्हा माझ्या मनातलं त्यांच्या परत येण्याचं सगळं मी गुंडाळून ठेवलं.

यंदा माझी अमरावतीला बदली झाली. ऑफिसात गुच्छ मिळाला, भाषणं झाली, आणि निरोप ऑफिसच्या दाराशी संपला. काकांना फोन करून कळवलं. त्यांनी लगेच विचारलं, "डबा कोनता?"

"स्लीपर, काका."

"खिडकी?"

"हव."

"मंग ठीक आहे," म्हणाले.

संध्याकाळी मी एकटीच सामान लावून खिडकीशी बसले. गाडी सुटायची वेळ होऊन गेली होती. फोनवर लेकीचा निरोप आला, "बाबा जेवायला येत नाहीयेत. तुम्हाला पोचवायचं म्हणून ट्रामच्या स्टॉपवर उभे आहेत. तुमची गाडी सुटली का?" मी लिहिलं, "लेट आहे गं. थंडी असेल, त्यांना घरी ने." उत्तर आलं, "ऐकत नाहीत."

आणखी बऱ्याच वेळानं गाडी हलली. प्लॅटफॉर्मवर माझं कुणी नव्हतं. मी गजांतून हात बाहेर काढला आणि स्टेशन मागे पडेपर्यंत हलवत राहिले, मगच काकांना घरी जायला सांग म्हणून लेकीला कळवलं.